पाठवायचं की घेऊन जायचं?

घर म्हटलं की खोल्या आल्या. आपल्या भागातल्या जुन्या घरांत पुढे सोपा, मग माजघर, आत स्वयंपाकघर आणि मागे परडं. कन्नडमध्ये तेच पडसाली, नडुमनी, अडगीमनी आणि हित्तल. नावं दोन, पण शिस्त एकच. सोप्यात पाव्हणेरावळे बसतात, हिशेबाच्या वह्याही तिथेच उघडतात. माजघरात निवडणं-टिपणं आणि मुलांचा अभ्यास शेजारी शेजारी चालतो. एका खोलीतली वस्तू दुसरीत जायची तर ती कुणीतरी न्यावी लागते, नाहीतर कुणाच्या तरी हाती पाठवावी लागते. न सांगता हलवली, की ‘माझं कुठं ठेवलंत?’ म्हणून सगळ्या घराची झडती सुरू होते.

संगणकाला मात्र आपण या शिस्तीतून सूट दिली आहे. एकाच पडद्यावर आईचं बँकेचं काम, मुलीचा प्रवेशाचा अर्ज, मुलाचा प्रोजेक्ट आणि आजोबांचा अर्धा टाइप झालेला लेख, सगळं एकावर एक. चार खोल्यांचा संसार एका खोलीत रचल्यासारखा. यावरचा उपाय बहुतेकांच्या संगणकात आधीपासून बसवलेला आहे. त्याचं नाव व्हर्च्युअल डेस्कटॉप. पडदा एकच, पण त्यामागे टेबलं अनेक. एका टेबलावर बँकेची खिडकी, दुसऱ्यावर अभ्यासाची. एका वेळी एकच टेबल समोर येतं, बाकीची जशी मांडली तशी राहतात.

ही टेबलं मांडणं सोपं आहे. अवघड आहे ते एका टेबलावरची खिडकी दुसऱ्यावर हलवणं, आणि पुष्कळ जण नेमके तिथेच गोंधळून हा सगळा प्रकार सोडून देतात. कोणती खिडकी कुठे, कोणती वर, कोणती खाली हे बघणाऱ्या प्रोग्रॅमला विंडो मॅनेजर म्हणतात. घरातला कारभारीच म्हणा. लिनक्समध्ये तो आपल्या पसंतीने निवडता येतो, विंडोज आणि मॅकमध्ये तो आतच बसवलेला असतो. खिडकी हलवताना या कारभाऱ्याने कसं वागावं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खोल्यांची उपमा काही माझी नाही. अमेरिकेत पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातले स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी १९८६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रणालीचं नावच ‘रूम्स’ होतं. निरीक्षण साधं होतं. माणूस खिडक्या सुट्या सुट्या वापरत नाही, कामागणिक त्यांचे गट पडतात. पत्र लिहिताना तीन लागतात, हिशेब करताना वेगळ्या चार. पडदा लहान, त्यामुळे एका कामाच्या खिडक्या काढल्या की दुसऱ्याच्या झाकल्या जातात आणि माणसाचा वेळ त्या सरकवण्यातच जातो. संगणकाच्या मेमरीसाठी पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली होती. ज्या गोष्टी एकत्र लागतात त्या एकत्र हाताशी ठेवाव्यात, असा तिचा सारांश. या दोघांनी तीच पडद्याला लावली.

हलवण्याचा विचारही त्यांनी तेव्हाच केला होता. त्यांच्या खोल्यांना दारं होती. ज्या खोलीतून आलो तिकडे परत जायला मागचं दार होतं. दारातून जाताना एखादी खिडकी सोबत घेता येत असे, तिला त्यांनी ‘बॅगेज’ म्हटलं, म्हणजे हातातलं सामान. आणि जी वस्तू प्रत्येक खोलीत हवीच ती ‘पॉकेट’मध्ये, म्हणजे खिशात. प्रवासाला निघालेल्या माणसाला समजेल अशीच ही भाषा.

पुढे १९९० च्या दशकात युनिक्स आणि लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये ही सोय रुळली. मॅकवर ती ‘स्पेसेस’ या नावाने २००७ मध्ये आली आणि विंडोजमध्ये तर थेट २०१५ साली, विंडोज १० बरोबर. कल्पना सुचल्यापासून आपल्या घरापर्यंत पोचायला जवळजवळ तीस वर्षं लागली. मधल्या काळात प्रत्येकाने आपापल्या परीने खोल्या बांधल्या. विंडोजसाठी सिसइंटर्नल्सचा ‘डेस्कटॉप्स’ नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात चार टेबलं मिळतात, पण एकावरची खिडकी दुसऱ्यावर हलवताच येत नाही. विंडोजच्या आतल्या ज्या रचनेवर तो उभा आहे, तिच्यात तशी वाटच ठेवलेली नाही. खोल्या आहेत, भिंती आहेत, दार नाही. घर बांधताना दाराचा विचार आधी करावा लागतो, तो असा.

आता मुद्द्यावर येऊ. ‘ही खिडकी दुसऱ्या टेबलावर हलव’ असं आपण सांगतो तेव्हा त्यात दोन वेगळे हुकूम दडलेले असतात. ‘ही तिकडे पाठव, मी इथेच आहे’ हा एक. ‘ही घेऊन मी तिकडे चाललो’ हा दुसरा. मराठीत ‘पाठव’ आणि ‘घेऊन जा’ यांत कुणाची गफलत होत नाही. कन्नडमध्ये ‘कळसु’ आणि ‘तगोंडु होगु’ यांतही होत नाही. वाटीभर भाजी काकूंकडे पाठवताना आजी नातवाला ‘देऊन ये’ म्हणते, म्हणजे वाटी तिकडे राहील आणि नातू परत येईल, हे दोन शब्दांत ठरून जातं. संगणकात मात्र या दोन्हींना मिळून ‘मूव्ह’ हे एकच क्रियापद आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

म्हणूनच प्रत्येक कारभारी त्याचा वेगळा अर्थ लावतो. लिनक्सवरच्या ग्नोममध्ये सुपर, शिफ्ट आणि पेज डाउन ही बटणं एकत्र दाबली की खिडकी पुढच्या टेबलावर जाते आणि तिच्याबरोबर आपणही जातो. ‘आय थ्री’ या विंडो मॅनेजरमध्ये ठरलेलं बटण, शिफ्ट आणि टेबलाचा आकडा दाबला की खिडकी जाते, पण आपण आहोत तिथेच राहतो. मॅकवर दोन्ही होतात. खिडकी माऊसने धरून पडद्याच्या कडेला थोडा वेळ थांबलं तर दोघंही पलीकडे जातात. मिशन कंट्रोल उघडून वरच्या पट्टीतल्या टेबलावर खिडकी सोडली तर फक्त खिडकी जाते. विंडोजमध्ये टास्क व्ह्यूमधून खिडकी पाठवता येते, पण बटणं दाबून हलवण्याची तयार सोयच दिलेली नाही.

यातलं बरोबर कोणतं? माझ्या मते दोन्ही बरोबर, कारण कामं दोन आहेत. पसारा आवरताना आपण पाठवतो. वर्ग सुरू व्हायच्या आधी बँकेची खिडकी दुसरीकडे सारायची असते, तिच्यामागे जायचं नसतं. तेव्हा यंत्राने आपल्यालाही ओढत नेलं तर परत यायला आणखी एक खेप. उलट काम पुढे न्यायचं असतं तेव्हा आपण घेऊन जातो. लेखाची खिडकी संदर्भाच्या टेबलावर नेऊन तिथे लिहायचं असेल, आणि खिडकी जाऊन आपण इथेच रिकामं टेबल बघत बसलो, तर तेही चुकीचं. तेव्हा कारभाऱ्याने स्वतःच्या मनाने एक अर्थ लावून दुसरा बुजवू नये. दोन हुकूम, दोन नावं आणि दोन वेगळी बटणं द्यावीत. हे न करण्याला कसलीही तांत्रिक अडचण नाही. खिडकीचा पत्ता बदलणं आणि समोरचं टेबल बदलणं या संगणकाच्या आत मुळातच दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

हा हट्ट कशासाठी, तर पडद्याकडे बघणाऱ्याला या दोन गोष्टी सारख्याच दिसतात म्हणून. खिडकी निघून गेली तरी ती दिसेनाशी होते, आणि आपण निघून गेलो तरी ती दिसेनाशीच होते. ओळखीच्या एका घरात निवृत्त शिक्षक असलेले आजोबा आपल्या घराण्याची हकिगत टाइप करत होते. नातवाने आपल्या खेळासाठी दुसरं टेबल उघडून ठेवलेलं. आजोबा चहाला उठले तेव्हा त्याने विंडोज, कंट्रोल आणि बाणाचं बटण दाबून खेळ काढला, थोड्या वेळाने तो बंद केला आणि तसाच उठून गेला. आजोबा परत येऊन बघतात तो पडदा रिकामा. दोन तासांचं काम गेलं असं समजून त्यांनी नवी फाइल उघडली आणि आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलं. आधीचा मजकूर पलीकडच्या टेबलावर सुखरूप होता. खिडकी जागची हललीच नव्हती, आजोबाच न कळत दुसऱ्या खोलीत बसले होते. ज्याला घरात दुसरी खोली आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या लेखी नजरेआड झालेली वस्तू हरवलेलीच असते.

म्हणून कारभाऱ्याने केलेली हालचाल दिसली पाहिजे. टेबल बदलताना सगळा पडदा आडवा सरकतो ते केवळ शोभेसाठी नसतं. आपण उजवीकडे आलो, म्हणजे आधीचं सगळं डावीकडे आहे, हे त्यातून डोळ्यांना कळतं. फक्त खिडकी गेली तर तिने एकटीनेच सरकून दाखवावं, बाकीचा पडदा स्थिर राहावा. शिवाय टेबलांना नावं द्यावीत. विंडोज आणि ग्नोम दोन्हींत ती देता येतात. विंडोज ११ मध्ये तर प्रत्येक टेबलाला मागचं चित्र वेगळं लावता येतं. आजोबांच्या टेबलाला गावच्या देवळाचं आणि नातवाच्या टेबलाला क्रिकेटचं चित्र असतं, तर वरचा प्रसंग घडलाच नसता.

दुसरा नियम कुटुंबाचा. मोठी खिडकी हलली की तिच्यातून उघडलेल्या लहान खिडक्या तिच्यामागे गेल्या पाहिजेत. ‘फाइल जतन करायची का?’ असं विचारणारी लहान चौकट मागे राहिली आणि मूळ खिडकी पलीकडे गेली, तर ती खिडकी मुकी होऊन बसते. काही दाबलं तरी हलत नाही, कारण तिचा प्रश्न दुसऱ्याच खोलीत उत्तराची वाट बघत असतो. आपली आई कोण हे लहान खिडकीने कारभाऱ्याला सांगायची सोय युनिक्स-लिनक्सच्या एक्स विंडो प्रणालीत जुनीच आहे. पण याचा अर्थ एका प्रोग्रॅमच्या सगळ्याच खिडक्या एकत्र बांधाव्यात असा नाही. ब्राउझरच्या दोन खिडक्यांपैकी एकीत मुलीचा अर्ज आणि दुसरीत वडिलांची बातमी असते. त्या चुलत बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. त्यांना वेगळं राहता आलं पाहिजे.

तिसरा नियम दार ठोठावण्याचा. समजा, आपण पहिल्या टेबलावर पत्र वाचतोय. त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली, आणि ब्राउझर तिसऱ्या टेबलावर उघडा आहे. आता काय व्हावं? आपल्याला तिसऱ्या टेबलावर नेलं जावं, ब्राउझर इकडे ओढला जावा, की इथेच नवी खिडकी उघडावी? मॅकमध्ये यासाठी एक सेटिंग आहे. एखाद्या प्रोग्रॅमकडे वळलं की त्याच्या उघड्या खिडक्या ज्या टेबलावर असतील तिकडे जायचं की नाही, हे त्यात ठरवता येतं. लिनक्सकडच्या कारभाऱ्यांसाठी जे सामायिक नियम लिहिलेले आहेत, त्यांत तर कारभाऱ्याला नकाराचाही हक्क दिलाय. एखादी खिडकी ‘मला पुढे आण’ म्हणाली, तर तिला पुढे न आणता ‘ही लक्ष मागते आहे’ अशी खूण करून ठेवता येते.

माझं मत असं, की आपण स्वतः टिचकी मारली असेल तर उत्तर आहोत त्याच टेबलावर यावं. खिडकी आपण न बोलावता उठली असेल तर तिने दार ठोठावून थांबावं. आत घुसू नये आणि आपल्याला बाहेरही ओढू नये. हा शिष्टाचार का हवा, ते २०२० साली टाळेबंदीत घरून वर्ग घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. समोर साठ मुलं पडदा बघत असतात, आणि मध्येच गुणांची यादी किंवा घरातला निरोप वर येतो. एका क्षणात ते सगळ्यांनी वाचलेलं असतं.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. व्हर्च्युअल डेस्कटॉपला दार आहे, कुलूप नाही. संगणकासमोर बसलेला कुणीही बटण दाबून पलीकडच्या टेबलावर जाऊ शकतो. बँकेचं काम मुलांपासून वेगळं ठेवायचं असेल तर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लॉगिनच हवं. ऑनलाइन वर्गातही ‘संपूर्ण पडदा’ दाखवत असाल तर टेबल बदलताच मुलांना नवं टेबलही दिसतं. तिथे फक्त एक खिडकी दाखवण्याचा पर्याय निवडावा.

चौथा नियम खिशाचा. काही खिडक्या प्रत्येक टेबलावर हव्या असतात. कॅल्क्युलेटर, घड्याळ, आणि आपल्यासारख्यांच्या घरात मराठी-कन्नड शब्दांची वही. विंडोजमध्ये टास्क व्ह्यूत खिडकीवर उजवी टिचकी मारली की ‘ही खिडकी सर्व डेस्कटॉपवर दाखवा’ या अर्थाचा पर्याय मिळतो. लिनक्समध्ये याची गंमत आहे. टेबलांची मोजणी शून्यापासून होते, आणि ‘सगळ्या टेबलांवर’ हे सांगायला ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा राखून ठेवलेला आहे, ४,२९,४९,६७,२९५. खिशाचा पत्ता एवढा लांबलचक! पण खिशात ठेवताना मोजकंच ठेवावं. सगळंच खिशात घातलं की पुन्हा एका खोलीचं बिऱ्हाड.

पाचवा नियम भाषेचा, आणि तो इतर कुणापेक्षा आपल्या घरांना जास्त लागू पडतो. आपल्याकडे एका खिडकीत आजीला मराठीतून पत्र लिहिणं चालू असतं आणि दुसरीत शाळेचा कन्नड निबंध. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दोन्ही लिप्यांतला ‘क’ एकाच बटणावर आहे. बोटांना फरक कळत नाही, आणि मान वर करून पाहावं तर मराठी वाक्य कन्नड लिपीत उमटलेलं. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत निवडलेली भाषा एरवी सगळ्या खिडक्यांना मिळून एकच असते. प्रत्येक खिडकीला तिची भाषा वेगळी ठेवायची सोय आहे, पण ती टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करावी लागते. ग्नोममध्येही तसा पर्याय आहे. दोन भाषांच्या घरात तो चालू असलाच पाहिजे. खिडकी कोणत्याही खोलीत गेली तरी तिची भाषा तिच्याबरोबर जायला हवी. सासरी गेलेली मुलगी नव्या घराची भाषा शिकते, पण माहेरी फोन लावला की न विचारता आपल्या बोलीत बोलते. खिडकीने तेवढं तरी करावं.

शेवटी खोली मोडण्याविषयी. टेबल बंद केलं तर त्यावरच्या खिडक्यांचं काय होतं, ही भीती अनेकांना असते. विंडोज त्या खिडक्या शेजारच्या टेबलावर आणून ठेवतं, एकही बंद करत नाही. ग्नोममध्ये खिडक्या नसलेलं टेबल आपोआप नाहीसं होतं आणि शेवटी एक रिकामं टेबल कायम तयार असतं. दोन्ही रीती चांगल्या. खोली मोडली म्हणून सामान रस्त्यावर पडू नये, एवढं पाहिलं जातं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबावीत, नवं टेबल उघडेल. विंडोज, कंट्रोल आणि डावा-उजवा बाण यांनी टेबलं बदलतात. विंडोज आणि टॅब दाबलं की सगळी टेबलं एकत्र दिसतात, तिथे खिडकी माऊसने धरून हव्या त्या टेबलावर सोडावी. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विंडोज आणि टॅब ही दोन बटणं दाखवा. खिडकी दिसेनाशी झाली की सगळ्यात आधी तिथे बघायचं, एवढं त्यांच्या वहीत लिहून द्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्यांना जी सोयीची असेल त्या भाषेत.

आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक सांगणं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. लिनक्सचे बरेच विंडो मॅनेजर खुले आहेत, त्यांचा कोड वाचता आणि बदलता येतो. त्यात ‘पाठव’ आणि ‘घेऊन जा’ अशी दोन वेगळी बटणं करा, त्यांना मराठी आणि कन्नड नावं द्या, आणि घरातल्या आजोबांना वापरायला देऊन बघा. त्यांना न विचारता कळलं, तर प्रोजेक्ट जमला.